मोटारीतील पिवळा दिवा

आपल्या घरी दिवा लागणे शुभ मानतात. तिन्हीसांजेस दिवेलागण झाली की मुले हात जोडतात. आणि दिवा ‘विझविला’ असा अभद्र शब्द न उच्चारता वडीलधारी माणसे तो ‘मालविला’ किंवा ‘शांत केला’ असे म्हणतात. परंतु हल्लीच्या मोटारींत एक दिवा असा आहे की, तो लागताच घरातील मंडळींचे चेहरे उतरतात व तो कसा विझेल याचीच सर्वांस विवंचना लागते. चालकासमोरील डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा हा पिवळा दिवा असतो. मोटार दुरुस्त केल्यावरही तो पुन्हा का लागतो, व लागला असता काय करावे, याविषयी गेल्या वर्षी मला जे शिकावयास मिळाले ते शाळेतील मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे अशी इच्छा आहे.

आपला मुलूख मोटारींचा आहे. १९६० च्या दशकात पिंपरीस टेल्कोचा व आकुर्डीस बजाजचा कारखाना उभा राहिला. २००९ साली चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. नव्या वाहनांची परीक्षा घेणारी ए.आर.ए.आय. ही १९६६ साली स्थापन झालेली संस्थाही पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. आपल्यापैकी कित्येकांचे वडील अथवा काका या उद्योगावर पोट भरतात. असे असूनही आपल्याच दारातील मोटार आपणास काय सांगत आहे हे आपणांपैकी थोड्यांसच उमगते.

मोटारीने स्वतःची तपासणी स्वतःच करावी, ही कल्पना कायद्यात प्रथम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने आणली. तेथील शहरांची हवा धुराने बिघडली होती. म्हणून १९८८ च्या नमुन्यांपासून ही सोय तेथे आवश्यक झाली, आणि १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींस एकच सुधारलेली पद्धत लागू झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०१० रोजी पुण्यासह तेरा शहरांत व राजधानीच्या परिसरात ‘भारत स्टेज चार’ हे नियम आले, व त्यांबरोबर ही पद्धतही आली. १ एप्रिल २०१३ पासून तिचे अधिक कडक रूप अंमलात आले. तात्पर्य, हा दिवा मालकाच्या खर्चासाठी नसून मुख्यतः सर्वांच्या श्वासासाठी आहे.

आमची मोटार २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी. वडील चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहेत. ताईच्या महाविद्यालयाची फी भरावयाची असल्याने मोटार विकण्याचे ठरले. शेजारी राहणारे एक निवृत्त गृहस्थ, ज्यांस आम्ही मुले आजोबा म्हणतो, ती घेण्यास तयार झाले. आजींना आठवड्यातून दोनदा रुग्णालयात न्यावे लागे, म्हणून त्यांस मोटार हवी होती. किंमत ठरली, दिवसही ठरला. आणि त्याच आठवड्यात पिवळा दिवा लागला.

एका गॅरेजात स्कॅनर लावून पाहिले तेव्हा ‘पी ०१७१’ हा कोड निघाला. इंजिनात पेट्रोलाच्या मानाने हवा अधिक जात आहे, असा त्याचा अर्थ. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण बरोबर आहे की नाही, ते धुराच्या नळीत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. गॅरेजवाल्याने तो सेन्सरच बदलला, कोड पुसला व काही हजारांचे बिल दिले. दिवा गेला. घरी आनंद झाला. चौथ्या दिवशी मोशीच्या पुढे, चिंबळी फाट्यापाशी, तो पुन्हा लागला.

वडील परत गेले तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, “साहेब, एवढे मनावर घेऊ नका. गाडी ताब्यात द्यावयाच्या दिवशी सकाळी आणा, कोड पुसून देतो. दोन-तीन दिवस तरी दिवा लागत नाही. पुढे ज्याची गाडी तो बघेल.”

यात तो खोटे काही सांगत नव्हता, हीच खरी अडचण होती. कोड पुसला म्हणजे यंत्राने आजवर केलेल्या तपासणीची नोंदही पुसली जाते व तपासणी पहिल्यापासून सुरू होते. शिवाय बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळल्यावाचून दिवा पेटत नाही. मधल्या काळात सदोष मोटारही निर्दोष दिसते. फीची तारीख जवळ आली होती. आईचा चेहरा चिंतेने उतरला होता. परंतु वडील इतकेच म्हणाले, “आजोबा आजींना घेऊन वाटेत अडकले, तर मी त्यांच्या दारावरून कोणत्या तोंडाने जाऊ?”

नंतर भोसरीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे मोटार नेली. त्यांनी कोड वाचला, पण लगेच कोणताही भाग बदलला नाही. ते म्हणाले, “जुना सेन्सर हवा जास्त आहे म्हणून ओरडत होता, नवाही तेच ओरडतो आहे. दोन साक्षीदार एकच सांगतात, तर साक्ष खरी धरावी. आता हवा कोठून येते ते पाहू.” त्यांनी हवेच्या फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी हाताने वाकविली. तिच्या खालच्या अंगास बोटभर चीर होती. हवा मोजणारे यंत्र अलीकडे आणि चीर त्याच्या पलीकडे; त्यामुळे न मोजलेली हवा आत शिरत होती. नव्या नळीस सेन्सरच्या बिलाचा दहावा हिस्साही लागला नाही.

मिस्त्री कोड पुसू लागले तेव्हा वडिलांनीच त्यांस थांबविले. दोष खरोखर गेला असेल तर दिवा आपण होऊन जाईल, असे ते म्हणाले. मिस्त्री हसून म्हणाले, “ही परीक्षा सर्वांत चांगली, फक्त धीर पाहिजे.” या पद्धतीत लागोपाठ तीन फेऱ्यांत तो दोष पुन्हा आढळला नाही, तर दिवा आपोआप मालवतो, मात्र कोडाची नोंद इंजिन सुमारे चाळीस वेळा गार होऊन पुन्हा तापेपर्यंत स्मरणात राहते. वडील चिंचवडहून चाकणला नित्याप्रमाणे जात-येत राहिले. त्या दिवसांत ते घरी येताच आम्ही प्रथम दिव्याचीच चौकशी करीत असू. तिसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांनी मला खाली बोलावून दाखविले: दिवा नव्हता.

तरीही वडिलांनी आणखी आठवडाभर वाट पाहिली. तोवर फीची तारीख टळत होती, म्हणून बँकेतील एक ठेव मोडावी लागली व तिच्या व्याजाचे नुकसान सोसावे लागले. मग दोन्ही बिले पुढे ठेवून वडिलांनी आजोबांस सर्व हकिकत सांगितली. आजोबांनी बिले चष्मा लावून वाचली, नळीचे बिल स्वतःच्या खिशात ठेवले आणि मोटार घेतली.

आता वाचकांस उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगतो. पिवळा दिवा स्थिर असेल तर घाबरू नये. मोटार जपून चालवावी व लवकर तपासून घ्यावी. तो लुकलुकत असेल तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे. कारण न जळलेले पेट्रोल धुराच्या वाटेने जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारे महागडे पात्र, जाळून टाकते. तेलाच्या कुपीचा लाल दिवा लागला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. आणि कोड म्हणजे रोगाचे लक्षण, रोग नव्हे, यास्तव कोड सांगताच भाग बदलणाऱ्यास “कारण काय सापडले?” असे अवश्य विचारावे.

कोणी जुनी मोटार घेणार असेल तर आणखी एक परीक्षा करावी. किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. त्या वेळी हा पिवळा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर तो गेला पाहिजे. किल्ली फिरवूनही जो लागत नाही, तो दिवा कोणीतरी मुद्दाम काढून टाकलेला असू शकतो, आणि अशा मोटारीपेक्षा दिवा लागलेली मोटार पुष्कळ बरी.