सहाव्या घाताचे समीकरण

डहाणूच्या किनाऱ्यावर सहलीला गेलो की आम्हां वसतिगृहातील मुलांची नजर प्रथम औष्णिक वीज केंद्राच्या धुरांड्याकडे जाई. त्यातून काय बाहेर पडते, असे आम्ही विज्ञानाच्या सरांना विचारले होते. कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, एवढे सांगून पुढचे शोधायचे काम त्यांनी आमच्यावरच सोडले.

पुढचे कळायला केमिकल इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष उजाडले. 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. 1996 मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या आग्रहामुळे 500 मेगावॅटच्या त्या केंद्रात समुद्राच्या पाण्याने वायू धुण्याची यंत्रणा आली. समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट असते. ते आम्ल शमविते. मग पाण्याचा सामू कितीवर येतो? आम्ही दोघा वर्गमित्रांनी प्रकल्पासाठी हाच प्रश्न घेतला.

विद्युतभारांचा ताळेबंद मांडला आणि तीन रात्री हाताने कंस सोडविले. उत्तर आले साडेअकरा. आम्ल मिसळून पाणी अधिक अल्कधर्मी झाले! कार्बोनेटचे पद बाजू बदलताना आम्ही चिन्ह बदललेच नव्हते.

तेव्हा ‘मॅक्सिमा’ हाताशी आले. एमआयटीत 1968 च्या सुमारास सुरू झालेल्या ‘मॅक्सिमा’च्या पूर्वजाला, ‘Macsyma’ला मुक्त करण्याची परवानगी विल्यम शेल्टर यांनी 1998 मध्ये मिळविली, म्हणून ते फुकट. आमच्या खिशाला तेवढेच परवडत होते. त्याने क्षणात कंस सोडवून सहाव्या घाताचे समीकरण समोर ठेवले. सूत्ररूप उत्तर मागितले, तर समीकरणच परत केले. पाचव्या घातापासून पुढे सर्वसाधारण सूत्र नसतेच, हे तोवर आम्ही केवळ परीक्षेपुरते वाचले होते. आकडे घातल्यावर सहा मुळे आली. हायड्रोजन आयन वाढला की एक बाजू वाढते आणि दुसरी घटते. म्हणून धन मूळ एकच, हे मात्र आम्हांलाच ताडावे लागले. लिटरमागे 1 मिलिमोल वायू विरघळल्यास सामू साडेसहाच्या आसपास आला.

मार्गदर्शकांनी बोट ठेवले: स्थिरांक गोड्या पाण्याचे घेतले आहेत. पूर्वी असते तर रडकुंडीस आलो असतो. आता अक्षरे तशीच राहिली, केवळ किमती बदलल्या.

पुढे हे सारे आम्ही शाळेच्या संगणकावर दाखविले. वंदनेतील ‘एहिपस्सिको’ म्हणजे ‘या आणि पाहा’. तो शब्द उच्चारून मोठ्या ऐटीत सुरुवात केली. तलासरीकडची, आठवीतील एक मुलगी म्हणाली, “दादा, पाण्यात हवा सोडतात म्हणालात. मग सल्फाइटचे काय होते?”

त्याचे सल्फेट होते, आणि तसे होताना आणखी आम्ल सुटते. ते पद आमच्या समीकरणात नव्हतेच. त्या दिवशी जेवणाची घंटा झाली तरी आम्ही फळ्यापाशीच होतो.