आत्याचे पाहुणे

आमच्या लहानपणी पालीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला एक परीक्षा द्यावी लागे. बल्लाळेश्वराचे दर्शन झाले की वडील माणसे मागच्या सरसगडाकडे बोट दाखवून विचारीत, "दिसला का रे गणपती?" त्या डोंगराचा आकार देवळातल्या मूर्तीसारखा आहे, असे तिकडे सर्रास सांगतात. त्याच गडाला 'पगडीचा किल्ला' म्हणणारेही आहेत. मला मात्र ना गणपती दिसे, ना पगडी. दिसे तो नुसता काळा कातळ. माझी धाकटी आतेबहीण "दिसला, दिसला!" म्हणून मोकळी होई आणि मी एकटाच ढ ठरे.

शेवटी आत्याला माझी दया आली. तिने मला अंगणात उभे केले, हनुवटी धरून मान वर केली आणि हवेत बोट फिरवीत म्हणाली, "ते मस्तक. हा इकडचा कान. आता खाली ये हळूहळू." आणि काय सांगू! गणपती तिथे मुकाट्याने बसलेलाच होता. त्या दिवसापासून आजतागायत मला तो नुसता कातळ पुन्हा दिसलेला नाही.

डोळे तेच, डोंगर तोच. मग बदलले काय? शास्त्रज्ञ म्हणतात, पाहण्याचे निम्मे काम डोळ्यामागे चालते. दृष्टिपटलावर जगाचे उलटे चित्र उमटते, त्याच्या खुणा मेंदूकडे जातात आणि मेंदू पूर्वीच्या ओळखीवरून त्यांचा अर्थ लावतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच याला नकळत केलेले अनुमान म्हटले होते. आपल्या दारातली ठिपक्यांची रांगोळीच म्हणा ना! ठिपके डोळा देतो, रेघा मन ओढते. डोळ्यातून मज्जातंतू जिथे बाहेर पडतो, तिथे तर आपण चक्क आंधळे असतो. पण जगाला पडलेले ते भोक कधी कुणाला जाणवते का? मन आजूबाजूचा रंग घेऊन ते बुजवून टाकते.

हे सारे मी पुस्तकात वाचले होते. त्याचा खरा उपयोग झाला तो गेल्या दिवाळीत.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. दृष्टिपटलाचा मधला भाग, पीतबिंदू, झिजल्यामुळे तिला समोरचे नीट दिसत नाही. कडेकडेचे तेवढे दिसते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळे आत असताना तिने माझा हात धरला.

"तुला म्हणून सांगते. ओटीवर पोरं येतात. जरीच्या टोप्या, रेशमी परकर. बोलत नाहीत, नुसती उभी राहतात. पहिल्या दिवशी मी चकल्यांचा डबा पुढे केला. एकानं हात लावला नाही, तेव्हाच ओळखलं." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "मला वेड लागतंय का रे?"

सहा महिने तिने हे कुणाला सांगितले नव्हते. घरातल्यांनी अंगारे-धुपारे सुरू केले असते, नाहीतर तिच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या असत्या. आणि या दुसऱ्याची धास्ती तिला अधिक होती!

दिवाळीनंतर तिला मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सगळी तपासणी केली, कारण असे भास इतर दुखण्यांतही होतात. मग सांगितले, वेडबीड काही नाही. १७६० साली जिनेव्हाच्या शार्ल बोने या पंडिताने आपल्या आजोबांची हीच हकीकत लिहून ठेवली आहे. मोतीबिंदूने अधू झालेल्या त्या आजोबांना माणसे, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. डोके मात्र शाबूत होते. डोळ्याकडून ठिपके येईनासे झाले की मेंदू स्वस्थ बसत नाही, स्वतःच रांगोळी घालू लागतो. अशा वेळी दिवा मोठा करावा, पापण्या मिटाव्यात, नजर इकडून तिकडे फिरवावी. पुष्कळदा भास विरतो. कित्येकांचे ते पुढे आपोआप कमी होतात.

आत्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. बाहेर आल्यावर तिने एवढेच विचारले, "त्या आजोबांनी नातवाला सांगितलं, आणि नातवाला ते खरं वाटलं?"

"वाटलं म्हणून तर लिहिलं."

"शहाणा पोरगा," ती म्हणाली.

आता ओटीवर मोठा दिवा लावला आहे. पोरे मधूनमधून येतातच. परवा फोनवर सांगत होती, "आज एकटीच आली होती, हिरव्या परकराची. दिवा लावला तशी गेली. जरा थांबली असती तरी चाललं असतं."