रद्द झालेलं, तरीही छापलेलं

कायद्याच्या पुस्तकात निपचित पडलेल्या कलमांची मला कधी धास्ती वाटली नाही. न्यायालयाने कलम घटनाबाह्य ठरवलं की विषय मिटला; पुढे ते पानावर छापलेलं राहिलं काय नि खोडलं गेलं काय, वकिलाने त्यात वेळ घालवू नये, असं माझं मत होतं. ज्युनियर्सनाही मी हेच सांगायचो की मेलेल्या सापाला कुणी घाबरतं का? आज मी असं सांगणार नाही. मत बदललं ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यामुळे.

माझी भाची तिथे कोलंबसला असते. तिची बायको तिथलीच, आणि दोघींना एक लहान मुलगी आहे. २०१५ च्या जूनमध्ये ज्या निकालाने अमेरिकाभर समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली, तो खटलाही मुळात ओहायोतलाच. जिम ओबर्गफेल सिनसिनाटीचा. त्याचा जोडीदार जॉन आर्थर असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेला. ओहायोत लग्न करता येईना, म्हणून २०१३ च्या जुलैत दोघं वैद्यकीय विमानाने मेरिलँडला गेले, धावपट्टीवर उभ्या विमानातच लग्न केलं आणि परत आले. ऑक्टोबरमध्ये आर्थर गेला. भांडण होतं ते त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरून. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात ‘विवाहित’ लिहायचं की नाही, आणि हयात जोडीदार म्हणून ओबर्गफेलचं नाव घालायचं की नाही, एवढंच. मला असे खटले फार आवडतात. मागणी दोन रकान्यांची असते आणि त्यासाठी अख्ख्या घटनेची पानं उलटावी लागतात.

ओबर्गफेल सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. पण लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच, ही तरतूद ओहायोच्या मतदारांनी २००४ साली राज्याच्या घटनेत घातली होती. निकालाने ती निष्प्रभ झाली, घटनेतून निघाली मात्र नाही. भाचीने एकदा ती मला फोनवर वाचून दाखवली. “मामा, हे अजून इथे का आहे?” मी म्हटलं, राहू दे की, ते काय उठून चावणार आहे?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांचं २०१५ चं विरोधी मत मला तेव्हा बरंचसं पटलं होतं. लग्नाची व्याख्या बदलायची तर लोकांनी आपसांत वाद घालून, मतदान करून बदलावी, पाच न्यायमूर्तींनी नव्हे, असा त्यांचा मुद्दा. आज ज्यांना तो निकाल उलटवायचा आहे ते हीच भाषा बोलतात. आयडाहोच्या प्रतिनिधिगृहाने जानेवारी २०२५ मध्ये ४६ विरुद्ध २४ मतांनी ठराव केला की, सर्वोच्च न्यायालयाने ओबर्गफेल निकाल रद्द करावा आणि विषय राज्यांकडे परत द्यावा. त्याच वर्षी जूनमध्ये सदर्न बॅप्टिस्ट पंथाच्या डॅलसच्या अधिवेशनातही तो निकाल उलटवण्याचा ठराव झाला. ‘राज्यांकडे परत’ हे ऐकायला लोकशाहीचं वाटतं. मलाही वाटत होतं.

मग ॲरिझोना पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जून २०२२ च्या डॉब्स निकालाने गर्भपाताचा प्रश्न असाच राज्यांकडे परत गेला. त्या दिवशी न्यायमूर्ती थॉमस यांनी वेगळं मत जोडून गर्भनिरोधकांचा १९६५ चा, समलिंगी संबंधांचा २००३ चा आणि ओबर्गफेल, हे तिन्ही निकाल पुन्हा तपासायला हवेत असं लिहिलं. (बहुमताच्या निकालात मात्र या बाकीच्या निकालांना धक्का नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे.) विषय राज्यांकडे गेला, तर ॲरिझोनातल्या लोकांनी नव्याने वाद घातला, मतदान केलं, असं झालं का? आधी वर आला तो गर्भपातबंदीचा १८६४ चा कायदा. ॲरिझोना तेव्हा राज्यही नव्हतं, आणि बायकांना मत नव्हतं. जवळपास पन्नास वर्षं निकामी पडलेला तो कायदा एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लागू करण्याजोगा ठरवला. विधिमंडळाने धावपळ करून तो रद्द केला, तोही सेनेटमध्ये १६ विरुद्ध १४ मतांनी. विस्कॉन्सिनमध्ये १८४९ च्या कायद्याने वर्षभराहून अधिक काळ डॉक्टरांचे हात बांधून ठेवले. त्याने गर्भपातावर बंदी येत नाही यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं जुलै २०२५ मध्ये, चार विरुद्ध तीन मतांनी.

माझ्या मताचा पाया इथे हलला. निकाल उलटला की प्रश्न आजच्या लोकांकडे जात नाही. तो जातो, ज्यांनी शेवटचं कलम लिहून ठेवलं त्यांच्याकडे. ओहायोत म्हणजे २००४ च्या मतदारांकडे. गॅलपच्या पाहणीत समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे अमेरिकन १९९६ मध्ये २७ टक्के होते, २०२५ मध्ये ६८ टक्के. हे ६८ टक्के काय म्हणतात ते कुणी विचारणारसुद्धा नाही. जुनी तरतूद आपोआप जिवंत होईल. रॉबर्ट्स यांच्या मुद्द्यात मला आजही तथ्य वाटतं, पण त्याच मुद्द्याचा आधार घ्यायचा तर आधी ही जुनी कलमं पुसून पाटी कोरी करायला हवी.

डिसेंबर २०२२ मध्ये बायडेन यांच्या सहीने विवाहसन्मानाचा संघीय कायदा झाला, मग काळजी कसली, असं मीच भाचीला म्हणालो होतो. पुढे तो कायदा नीट वाचला. एका राज्यात झालेलं लग्न दुसऱ्याने मान्य करावं, इतकंच तो राज्यांना सांगतो. आपल्या कचेरीत नवीन परवाना द्यावाच, अशी सक्ती तो कुठल्याही राज्यावर करत नाही. ओबर्गफेल गेला तर ओहायोतल्या जोडप्यांना पुन्हा परराज्यात जाऊन लग्न करावं लागेल.

भाचीने माझ्या सल्ल्याची वाट पाहिली नाही. २०२४ च्या निवडणुकीनंतर तिने स्वतःच्याच मुलीला दत्तक घ्यायचा अर्ज केला. मूल तिच्या बायकोच्या पोटचं, जन्मदाखल्यावर आई म्हणून दोघींची नावं. तरीही बोटांचे ठसे, चारित्र्याची पडताळणी, वकिलाची फी आणि शेवटी प्रोबेट न्यायाधीशांसमोर उभं राहून ‘मी या मुलीचा सांभाळ करीन’ अशी शपथ. जन्मदाखला हे प्रशासनाचं कागदपत्र आहे, दत्तकाचा आदेश हा न्यायालयाचा निवाडा, आणि दुसऱ्या राज्याचा निवाडा मानावाच लागतो. जॉर्जियातलं असंच दत्तक अलाबामाने नाकारलं तेव्हा २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं बजावलं होतं. वकील म्हणून मला तिची खेळी बिनतोड वाटली. मामा म्हणून राग आला. झोपेतून उठून जिच्या कुशीत शिरते, त्या आईने त्या पोरीला दत्तक घ्यायचं?

हे कळायला अमेरिकेपर्यंत जायची खरं तर गरज नव्हती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं आपलं ३७७ कलम १८६० चं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याची नांगी मोडली, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उभं केलं, आणि कलम काढायचं तर संसद काढू शकते असंही सांगितलं. मधल्या चार वर्षांत संसदेने त्याला हात लावला नव्हता. २०१५ मध्ये शशी थरूर यांनी खासगी विधेयक आणलं, ते मांडायलाच लोकसभेने ७१ विरुद्ध २४ मतांनी नकार दिला. २०१८ चा निकाल आला म्हणून आपण सुटलो. त्या सगळ्या काळात मी दोष देत राहिलो न्यायमूर्तींना. कलम पुस्तकात ठेवणाऱ्यांकडे माझं लक्षच गेलं नाही.

पुढे १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ३७७ सबंधच गाळलं गेलं, तर प्रौढ पुरुषावर झालेल्या लैंगिक अत्याचारासाठी होतं ते संरक्षणही त्याबरोबर गेलं. पुसतानाही काय पुसतो आहोत ते पाहावं लागतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंटकीच्या किम डेव्हिसचा अर्ज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कारण न देता फेटाळला. सरकारी कचेरीत समलिंगी जोडप्यांना लग्नाचा परवाना नाकारल्याबद्दल २०१५ मध्ये तुरुंगात गेलेल्या त्याच या बाई. ओबर्गफेलच रद्द करा, असं त्यांचं मागणं होतं. पूर्वी मी म्हटलं असतं, झालं, संकट टळलं. पण अर्ज ऐकायला नकार देणं म्हणजे प्रश्नावर निवाडा देणं नव्हे, हे कुठलाही वकील सांगेल.

पुस्तक साफ करता येतं, हेही दिसलं आहे. नेवाडाच्या मतदारांनी २०२० मध्ये आपल्या घटनेतली बंदी काढली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोच्या मतदारांनीही काढली, तर हवाईच्या मतदारांनी अशी बंदी घालण्याचा विधिमंडळाचा अधिकारच काढून घेतला. कॅलिफोर्नियाने तर ती २००८ मध्ये स्वतःच मत देऊन घातली होती. ओहायोत अजून ते झालेलं नाही. तिथे नागरिकत्व घेतलेली, मतदानाचा हक्क असलेली मराठी घरं आहेत. त्यांच्यासमोर हा प्रश्न मतपत्रिकेवर आला तर ‘निकाल तर लागलाय, आता कशाला’ म्हणून तो रकाना त्यांनी कोरा सोडू नये.