कुलूप कोणासाठी?

आपल्या भाषेत दुकान बंद करीत नाहीत, ते 'वाढवतात'. बंद हा शब्द अशुभ म्हणून वाडवडिलांनी तो टाळला. पांढुर्णा काय अन् सौंसर काय, रात्री बाजारपेठेतून जाताना हा वाढवण्याचा विधी आजही पाहायला मिळतो. गल्ल्यापुढची उदबत्ती, शटरची घरघर, दोन्ही बाजूंची कुलुपे ओढून पाहणे आणि शेवटी शटरला हात लावून केलेला नमस्कार. या विधीत श्रद्धा आहे, दक्षताही आहे. परंतु ती सारी दक्षता बाहेरून येणाऱ्या चोरासाठी. आग बहुधा आतूनच निघते.

आपला मुलूख कापसाचा. कापसाबरोबर आलेला एखादा लोखंडाचा तुकडा यंत्रावर घासला तरी ठिणगी पडते, आणि वरून विझलेली आग ढिगाच्या पोटात तासन् तास धुमसत राहते, हे जिनिंगवाल्यांना सांगावे लागत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज पेटून फुटले, तेव्हा त्यात स्फोटकांच्या जोडीला कापसाच्या गाठीच होत्या. त्या दिवशी ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. जिनिंगवाला आगीला भितो, म्हणून सावध असतो. मला काळजी वाटते ती न भिणाऱ्या लहान दुकानांची.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे कापडाचे दुकान आहे. त्याने ते मोठ्या हौसेने दाखवले. पोटमाळ्यावर गठ्ठे छताला टेकलेले, जिन्याच्या पायऱ्यांवरही खोकी रचलेली. मी विचारले, "रात्री राखणीला कोण असतो?"

"हा मुलगा झोपतो ना, सर. खेड्यावरचा आहे. गेल्याच वर्षी आपल्या शाळेतून बारावी झाला."

"आणि कुलूप?"

"बाहेरून. किल्ली माझ्याजवळ. आजकाल भरवसा कोणाचा धरावा?"

मुलगा समोरच कापडाच्या घड्या घालीत उभा होता. त्याने मान वर केली नाही.

तेव्हा मी माझ्या विद्यार्थ्याला पुण्याकडच्या दोन घटना सांगितल्या. ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे कोंढव्यातील एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले ६ कामगार गेले. शटरला बाहेरून कुलूप होते. ९ मे २०१९ रोजी उरुळी देवाची येथे कापडाच्या गोदामात ५ कामगार गेले. तेथेही बाहेरून कुलूप. "सर, पण चोरी झाली तर?" तो म्हणाला. मी म्हटले, "चोरी झाली तर विमा आहे. तू तो मालाचा उतरवला आहेस."

हा प्रश्न केवळ नोकरांचा आहे, असेही कोणी समजू नये. ३० ऑगस्ट २०२३ रोजी चिखलीच्या पूर्णानगरात दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपलेले आईवडील आणि दोन मुलगे असे सबंध कुटुंब संपले. ३ एप्रिल २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरात खाली शिंप्याचे दुकान पेटले आणि वरच्या मजल्यावरील एकाच घरातील ७ जण गुदमरून गेले. ज्वाळा पोहोचण्याआधी धूर पोहोचतो. झोपेतला माणूस खोकून जागा होईल, याची शाश्वती नसते.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक अधिनियम आहे. त्यानुसार मालकाने वा भोगवटादाराने आपली अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावयाचे असते. आपण मध्य प्रदेशात राहतो, तो अधिनियम आपल्याला लागू नाही. परंतु भारतीय न्याय संहिता साऱ्या देशाची आहे. आगीबाबतचा निष्काळजीपणा तिच्या कलम २८७ खाली आणि निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू कलम १०६ खाली अपराध ठरतो. तपासायला कोणी येवो न येवो, जबाबदारी मालकाचीच.

ती पार पाडायला फार द्रव्य लागत नाही. आत माणूस झोपत असेल तर बाहेरून कुलूप लावू नये. आतून उघडता येईल अशी कडी असावी, किल्ली त्याच्या हाताशी असावी. मागे दार असेल तर त्यापुढे माल रचू नये. फ्यूज वारंवार जात असेल तर जाड तार घालू नये, वायरमनला बोलवावे. रात्री मेन स्विच बंद करावा, बॅटरीची गाडी दुकानात चार्जिंगला लावू नये. अग्निशामक नळकांडे दाराजवळ टांगावे, त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना हे दरमहा पाहावे. ते ज्वाळांवर नव्हे, आगीच्या मुळाशी मारायचे, हे नोकरालाही शिकवावे. विजेच्या वा तेलाच्या आगीवर पाणी टाकू नये. १०१ आणि ११२ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

आणि एक गोष्ट प्रत्येक दुकानदाराने येत्या दिवाळीत वहीपूजनापूर्वी अवश्य करावी. रात्री दिवे मालवून पोटमाळ्यावर जेथे पोरगा झोपतो तेथे जाऊन आडवे व्हावे, आणि अंधारात चाचपडत बाहेर रस्त्यावर येऊन पाहावे. किती पावले लागतात, पाय कशाला अडखळतो, दार उघडते की नाही. जे आपल्याला निवांतपणी जमले नाही, ते धुरात त्या पोराला जमणार नाही.