बुडीत गावाची लेव्हल

एका बटणावर जग बदलायचं, हे कोडमध्ये फारसं अवघड नसतं. एकाच जागेचे दोन नकाशे एकावर एक ठेवायचे, दोन्ही आधीच मेमरीत भरून घ्यायचे आणि बटण दाबताच एकातल्या भिंती-जमिनी निकामी करून दुसऱ्यातल्या जाग्या करायच्या. लेव्हल डिझायनरचं काम इथून पुढे सुरू होतं. खेळाडूला एका वेळी एकच जग दिसतं; दुसरं त्याला मनात धरून ठेवावं लागतं. म्हणजे कोडं पडद्यावर रचायचं असलं, तरी ते सुटतं खेळाडूच्या आठवणीत.

या वाटेने आधी बरेच जण गेले आहेत. निन्टेन्डोच्या १९९१ सालच्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये उजेडाचं आणि अंधाराचं अशी दोन जगं एकाच नकाशावर बेतलेली होती. अंधाराच्या जगातून जादूच्या आरशाने परतलं की खेळाडू उजेडाच्या जगात त्याच जागी उभा राहायचा. त्यामुळे एरवी न चढता येणाऱ्या कड्यावर दुसऱ्या जगातून वळसा घालून पोचता यायचं. १९९९ च्या ‘सोल रीव्हर’ने याच्या पुढचं पाऊल टाकलं. आत्म्यांच्या जगात शिरताच खांब आणि भिंती डोळ्यांदेखत पिळवटत, लांबची कड जवळ येई. पण तिथं दार उघडता येत नसे आणि दगडी ठोकळाही ढकलता येत नसे. मी सगळ्यात जास्त शिकले ते याच खेळाकडून. दोन्ही जगांत काहीतरी न जमणारं असायला हवं, नाहीतर खेळाडू सोयीच्या जगात मुक्काम ठोकतो आणि दुसरं नुसती सजावट होऊन बसतं.

आमच्या छोट्या टीमचा सध्याचा खेळ उजनीच्या फुगवट्यावरून सुचला. भीमेवरचं हे धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं आणि काठची बरीच गावं पाण्याखाली गेली. पाणी फार खाली गेलं की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि माणसं ते बघायला जातात. आमच्या खेळातलं गाव काल्पनिक आहे, पण जगं हीच दोन: धरणाआधीचं नांदतं गाव आणि त्याच जागेवरचं आजचं पाणी. धरणग्रस्त घरातली एक मुलगी या दोन्हींत ये-जा करते. जुन्या गावात ती पळते, उड्या मारते, पण उंच काही तिला चढता येत नाही. आजच्या जगात तिच्याकडे होडी आहे, आणि पायाखाली जमीन नाही.

यातलं मला सर्वांत प्रिय कोडं देवळाच्या शिखरावर चढण्याचं आहे. जुन्या गावात शिखर खालून पुरतं दिसतं. त्यावरचे आडवे थर, कोनाडे, सगळं. वर जायला मात्र काहीच नाही. आजच्या जगात कळसाचं टोक तेवढं पाण्याबाहेर असतं. खालून पाहिलेला थर कळसापासून किती खाली आणि कोणत्या अंगाला होता हे आठवायचं, होडी नेमकी त्याच्यावर आणायची आणि बटण दाबायचं. पाणी आणि होडी नाहीशी होते, मुलगी जेमतेम वीतभर खाली येऊन थरावर टेकते. अंदाज चुकला तर देवळाच्या उंचीवरून खाली.

उंचीवर पोचायचं तर पाणी हवं. ज्या पाण्याने आजीचं घर गेलं त्याच पाण्यावर तरंगत नात तिथं पोचते, जिथं आजीला कधीच चढता आलं नव्हतं. हे सांगायला आम्ही एकही संवाद लिहिला नाही. पाण्याला खलनायक करायचंही मी ठामपणे टाळलं, कारण त्याच पाण्यावर आजूबाजूच्या तालुक्यांत ऊस उभा आहे. २०१३ च्या ‘ब्रदर्स’ या खेळात कन्ट्रोलरची एक बाजू थोरल्या भावाची आणि दुसरी धाकट्याची आहे. (ज्यांना तो खेळायचाय त्यांनी पुढचं वाक्य सोडून द्यावं.) थोरला गेल्यावर पाण्याला घाबरणाऱ्या धाकट्याला पोहायचं असतं, तेव्हा खेळाडूला थोरल्याचं बटण दाबावं लागतं. गोष्ट बोटांत उतरावी ती अशी.

प्लेटेस्टला मी खेळाडूच्या मागे गप्प बसते आणि बटणाचा आवाज ऐकते. टक-टक, टक-टक असं जग सारखं पालटलं जात असेल, तर दुसरं जग त्याच्या मनात टिकलेलं नाही, तो नुसता पडताळत बसलाय. एकदा टक, मग शांतता, मग सलग हालचाल असं झालं की कोडं जमलं. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली मांडलं होतं की माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी लक्षात धरू शकतो. मी एका स्क्रीनवर दोन जगांत तीनपेक्षा जास्त फरक ठेवत नाही; चौथी जागा खेळाडूच्या बेतासाठी मोकळी हवी. बाकी सगळं तसंच राहतं. वेशीवरचं चिंचेचं झाड दोन्हीकडे त्याच जागी आहे, इकडे हिरवं आणि तिकडे पाण्यातून वर आलेला वाळका शेंडा. पहिला भाग कडक उन्हाळ्यातला आहे: पाणी कमी, फरकही कमी. भागागणिक पाणी चढतं तसा खेळ अवघड होतो.

गाळाने मात्र आम्हाला दमवलं. इतक्या वर्षांत तळाशी गाळ साचून आजची जमीन जुन्या जमिनीपेक्षा वर आलेली आहे. जुन्या गावातल्या ओढ्यात उभं राहून बटण दाबलं तर मुलगी थेट गाळात जाईल. अशा ठिकाणी आमचं बटण चालत नाही, आणि ते चालणार नाही हे दाबायच्या आधी दिसावं म्हणून गाळाची पुसट कड जुन्या गावातही काढलेली आहे. बोटं-दोन बोटं रुतत असेल तर कोड तिला हळूच वर उचलतो. प्लॅटफॉर्मरमध्ये अशी माफी पूर्वापार आहे. कडेवरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडी मान्य करायची, याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम धावत असतात. जग बदलताना भिंती-जमिनींची टक्कर बटण दाबलं त्याच फ्रेमला बदलायची, रंग मागून आले तरी चालतील. नुसत्या लाल-हिरव्या फरकावर जगं ओळखायला लावू नयेत, कारण तो फरक न दिसणारे पुरुष बरेच असतात. आवाज बदला, हालचाल बदला.

गावाचा नकाशा आम्हाला एका धरणग्रस्त आजींनी कागदावर काढून दिला. अंतर त्यांनी फुटांत सांगितलं नाही. नदीवरून भरला हंडा घेऊन येताना मारुतीच्या पारापाशी एकदा टेकावं लागायचं, असं त्या म्हणाल्या. मी अंतर उड्यांनी मोजते, त्या दमण्याने मोजत होत्या. लेव्हलमधली नदी ते पार ही वाट मी त्यावरूनच ठरवली.

उजनी असो, कोयना असो की आणखी कुठलं धरण, तुमच्या घरात बुडीत गावात वाढलेलं कुणी असेल तर त्यांच्यासमोर मोठा कागद आणि पेन्सिल ठेवा. विहीर कुठे होती, पार कुठे होता, कुठून कुठे जाताना दम लागायचा, हे त्यांना स्वतःच्या हाताने काढू द्या. जुनं गाव ज्यांच्या पायांना आठवतं ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.