गवतावरचा मुक्काम

माळव्याचे नाव प्राचीन मालव गणांवरून पडले, असे इतिहासकार सांगतात. तथापि मराठी कानास त्यात प्रथम ‘माळ’ हाच शब्द ऐकू येतो, आणि डोळ्यांसही प्रथम माळच दिसतो. आम्ही गोमंतकाकडील माणसे. डोंगर, पोफळीची बाग, देवळाची तळी आणि पलीकडे समुद्र, अशी आमची दृष्टी जागोजागी अडून विसावण्यास सरावलेली. पोटापाण्यासाठी आमची तीन-चार कुटुंबे इंदुरास येऊन राहिली, तेव्हा क्षितिजापर्यंत पसरलेली ही सपाटी आम्हांस परकी वाटली. तिच्याशी ओळख झाली ती रात्रीच्या मुक्कामांमुळे.

इंदूर हे मध्य प्रदेशातील सर्वांत मोठे शहर. २०११ च्या जनगणनेतच त्याची वस्ती १९ लाखांवर गेली होती. तेथून देवास सुमारे ३५ किलोमीटर आणि धार सुमारे ६५. एवढ्या मोठ्या नगरातील माणसास आठवड्याच्या शेवटी मोकळ्या हवेची भूक लागावी, यात नवल नाही. पूर्वी लोक सहलीस जात आणि दिवेलागणीस घरी परतत. आता पाठीवरच्या पिशवीत मावेल असा हलका तंबू मिळू लागल्यापासून रात्रही बाहेर काढण्याची हौस वाढली आहे. कोणी मांडूच्या वाटेला लागतात, कोणी देवास जिल्ह्यातील कन्नोदकडे खिवनीच्या सागवानी जंगलाकडे जातात. खिवनी हे १९५५ पासूनचे अभयारण्य. तेथे मनास येईल तेथे मेख ठोकता येत नाही. वनखात्याची परवानगी घ्यावी लागते आणि ते सांगतील तेथेच राहावे लागते. हा निर्बंध पुष्कळांस जाचक वाटतो. आम्हांस तो योग्य वाटतो. का, ते पुढे सांगू.

तंबू हा मराठी माणसास या प्रांतात नवा नाही. किंबहुना मराठे माळव्यात आले ते राहुट्यांतूनच. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांनी गिरिधर बहादुराचा पराभव केला, ते अमझेरा आजच्या धार जिल्ह्यातच आहे. पवारांची छावणी स्थिरावली आणि तिचे धार संस्थान झाले. तुकोजी आणि जिवाजी या बंधूंमुळे देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. विंध्याखाली नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे थोरल्या बाजीरावांनी १७४० मध्ये देह ठेवला, तोही मोहिमेच्या मुक्कामावरच. त्या काळच्या लष्कराला लागणारे सर्वांत मोठे द्रव्य कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही गवत असे उत्तर देऊ. हजारो घोडी रोज चरणार. जेथे कुरण तेथे तळ. माळव्यावर मराठ्यांचा डोळा असण्याच्या अनेक कारणांत येथील गवत आणि पाणी यांचाही वाटा असलाच पाहिजे.

गेल्या कार्तिकात आम्ही देवासच्या बाजूस एका शेतकऱ्याच्या रानात उतरलो. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा यांचे दर्शन घेतले. तेथील लोक त्यांस मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. मग ऊन कलताना रानात पोहोचलो. मुलांस तंबू गवतात हवा होता; तेथे मऊ वाटते म्हणून. शेतकऱ्याने मान हलविली. सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या काळ्या जमिनीकडे बोट दाखवून तो म्हणाला, “बाबूजी, डेरा इथे टाका. गवत वाळलंय. एक ठिणगी पडली तर माझ्या गुरांचं वर्षाचं खाणं जाईल.” आम्ही तेथेच मेखा ठोकल्या. काळ्या मातीस या दिवसांत भेगा पडू लागतात. मेख एका जागी धरत नाही, दुसऱ्या जागी निघत नाही. तणावे ताणून होईतो अंधार पडला. घरधनिणीने गोवऱ्यांच्या आरात बाफले भाजून दिले. जेवण होताच तिने स्वतः पाणी ओतून आर विझविला, वर माती लोटली आणि हाताने चाचपून पाहिले.

माळव्याची रात्र थंड आणि प्रसन्न असते. तिची कीर्ती जुन्या लोकांनी ‘शब-ए-मालवा’ म्हणून गाइली आहे. त्या रात्री पलीकडच्या बांधापाशी रेबाऱ्यांचा एक डेरा होता. मारवाडाकडून मेंढ्या आणि उंट घेऊन हे लोक येतात, कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवितात आणि लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घेतात. पहाटे आम्ही उठलो तेव्हा डेरा हललेला होता. तीन दगड, थोडी राख आणि मेंढ्यांच्या खुरांनी मऊ झालेली माती, एवढेच मागे उरले होते. आमच्या मुलांनी त्या दिवशी कागदाचा शेवटचा कपटाही उचलून पिशवीत भरला. आम्हांस सांगावे लागले नाही.

गवतावर मुक्काम करणारा आणखी एक पाहुणा आहे. मराठीत त्यास तणमोर म्हणतात, माळव्यात खरमोर. पाऊस पडून गवत वाढले की हा पक्षी येतो. नर गवतातून सरळ वर उडी घेतो, क्षणभर हवेत पंख फडफडवितो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो; दिवसात अशा शेकडो उड्या. मादी जमिनीवरच अंडी घालते. पाऊस सरला की पक्षी निघून जातो. डॉ. सालिम अली यांच्या सूचनेवरून १९८३ मध्ये धार जिल्ह्यात सरदारपूर आणि रतलाम जिल्ह्यात सैलाना अशी दोन अभयारण्ये याच पक्ष्यासाठी झाली. सरदारपूरचे क्षेत्र तेव्हा सुमारे ३४८ चौरस किलोमीटर ठरले. त्यात बहुतेक जमीन शेतकऱ्यांची. त्यामुळे खरेदी-विक्रीचे निर्बंध गावकऱ्यांस वर्षानुवर्षे सोसावे लागले. पक्ष्याची काळजी आणि माणसाची अडचण, दोन्ही खरी आहेत. इकडे कुरणे मोडून सोयाबीन झाले, कारखाने आणि वसाहती आल्या. २०१७ च्या देशव्यापी पाहणीत नर तणमोर सुमारे २६४ असावेत, असा अंदाज निघाला. २०२१ मध्ये जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला.

श्रावणात आम्ही सरदारपुरास गेलो तेव्हा तंबू घरीच ठेवला. रात्री धारला राहिलो आणि उजाडताना पानपुऱ्याच्या कुरणाबाहेर रस्त्यावर उभे राहिलो. गुडघाभर हिरवे गवत वाऱ्याने लवत होते. दोन तास गेले. तणमोर दिसला नाही. सोबतचा रखवालदार आमच्यापेक्षा अधिक खिन्न झाला. तो म्हणाला, “माझ्या बापाने एका सकाळी पाच-सहा पाहिले. मी पोरांना काय दाखवू, काका?” याचे उत्तर आम्हांपाशी नव्हते.

सरकारी दप्तरी अशा माळाची गणना पुष्कळदा पडीत जमिनीत होते. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या सड्याचेही तेच झाले. पावसात त्यावर सातरंगी फुले येतात, गुरे चरतात, पाणी मुरून खालच्या विहिरींस मिळते. आणि तरी आपण त्यास ओसाड म्हणतो. झाडी असली की तेवढे रान, नसली की रिकामी जागा, हा समज आपल्या भाषेत खोल रुजला आहे. रिकाम्या जागेत वाटेल तेथे उतरावे, चूल पेटवावी, गाणी लावावी, असे मग सहज वाटते.

देवळाच्या अग्रशाळेत उतरणारा यात्रेकरू काही नियम न शिकविता पाळतो. जागा विचारून घ्यावी, पूजेच्या वेळी गलबला करू नये, निघताना जागा झाडून द्यावी. माळावर उतरणाऱ्यास याहून निराळे काही शिकावयाचे नाही. मालकास विचारावे, उभ्या गवतात न उतरता कापलेल्या शेतात उतरावे, चूल मातीवर पेटवावी आणि हात लावून विझल्याची खात्री करावी, आषाढापासून भाद्रपदापर्यंत तणमोराच्या कुरणात पाऊल टाकू नये. इंदूरच्या आसपासची ज्ञातिबांधव मंडळी येत्या थंडीत बाहेर पडतील, तेव्हा त्यांनी तंबू अवश्य न्यावा. मुलांस एक रात्र जमिनीवर निजू द्यावे, आणि ती जमीन कोणाकोणाची आहे हे सकाळी तेथल्या शेतकऱ्याच्या तोंडून ऐकू द्यावे.