चिखलाची बाकी

पणती वाऱ्याने विझली होती, म्हणून नातीची फुलबाजी पेटवायला मी काडी ओढली. जन्मभर केलेले काम. पण यंदा काडी बोटापर्यंत जळत आली तरी मी काडेपेटीकडेच पाहत राहिलो. पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीत लाल फॉस्फरस असतो, आणि फुलबाजीतून उडणारी पिवळी फुले म्हणजे जळणारा लोखंडाचा कीस. "आजोबा, लावा ना!" नात ओरडली. आजोबा त्या वेळी खाडीवर पोचले होते, हे तिला काय सांगणार?

मी मुलुंडच्या पूर्वेला राहतो. गच्चीवरून मिठागरे दिसतात, त्यांच्यापलीकडे तिवरांची हिरवी रेघ, आणि तिच्यापलीकडे ठाण्याची खाडी. कोणे एके काळी मी मुलांना रसायनशास्त्र शिकवीत असे. निवृत्तीनंतर पायांना खाडीकाठची सवय लागली आणि तिथेच एका नाखव्याशी स्नेह जडला. तो मला 'मास्तर' म्हणे. मी बोईट घासाघीस न करता घेई. त्याला माझे बोलणे आवडे की माझा हा अज्ञानी स्वभाव, देव जाणे.

एकदा त्याने विचारले, "मास्तर, खाडीत मासा ऱ्हायला नाय. होडी इकू का ठेवू?" मैलापाण्यावर काही प्रक्रिया करून मगच ते खाडीत सोडायचे, अशा योजनांची तेव्हा चर्चा होती. मी मास्तरी थाटात म्हणालो, "घाण येणे थांबले की भरती-ओहोटी दोन-तीन वर्षांत खाडी धुऊन काढील. होडी ठेवा." माझ्या शब्दावर त्याने होडीची फळी बदलली, डांबर लावले. त्यासाठी कर्ज काढले हे मला फार उशिरा कळले.

दोन वर्षे गेली, चार गेली. योजना रेंगाळतात हे तर खरेच. पण माझी खरी चूक वेगळी होती. मी पाण्याचा हिशेब केला, चिखलाचा केलाच नव्हता.

हा हिशेब मला नाखव्यानेच दाखविला. ओहोटीला त्याने चिखलात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ वर काढली. वरचा पातळ थर तांबूस, खालचा सगळा काजळासारखा काळा, नि वास कुजक्या अंड्याचा. तिवराचे एक मूळ त्याने उपटले, तर त्याच्याभोवती गंजाची नारिंगी नळी! तिवराची मुळे खाली हवा नेतात. ती जिथे पाझरते तिथे काळ्या चिखलातही लोखंड गंजते. मी एक मूठ चिखल वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला आणि सज्जात उघडा ठेवला. हवा लागून तो काळ्याचा तपकिरी झाला. हा प्रयोग आमच्या सौभाग्यवतींना मुळीच पसंत पडला नाही. पण मला पुढची दिशा मिळाली.

आपली माती सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची, लोखंडाने संपन्न. ही माती पावसात वाहून खाडीत येते. गंजलेल्या लोखंडाला फॉस्फरसचे, ज्याला आपले शेतकरी स्फुरद म्हणतात त्याचे, भारी वेड. दिसेल तिथे ते त्याला कवटाळते. आणि स्फुरदाला इथे काय तोटा? १६६९ साली हँबर्गच्या हेनिग ब्रांटने सोने मिळेल या आशेने मूत्र आटविले, तेव्हा त्याच्या हाती अंधारात चमकणारा फॉस्फरस लागला. भांडुप-घाटकोपरपासून खाडीकडे येणाऱ्या मैलापाण्यात तोच माल आहे, शिवाय आपल्या धुण्याच्या पावडरींतून गेलेलाही. साधी शुद्धीकरण-केंद्रे पाण्यातली घाण बरीच कमी करतात, पण स्फुरद त्यांच्या हातून बराचसा निसटतो.

तर वरच्या तांबूस थरात लोखंड स्फुरदाला धरून बसते. खाली मात्र प्राणवायू नाही. तिथले जंतू हवेऐवजी गंजावर श्वास चालवितात. लोखंड विरघळते आणि त्याची मिठी सुटते. इंग्लंडच्या तळ्यांत क्लिफर्ड मॉर्टिमरने १९४१-४२ साली हे तपशिलाने दाखविले. गोड्या तळ्यात विरघळलेले लोखंड वर हवेशी आले की पुन्हा गंजते, नि निसटलेला स्फुरद पुन्हा पकडते. समुद्राच्या पाण्याची गोष्ट निराळी. एक किलो खाऱ्या पाण्यात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असते. चिखलातले जंतू त्याचे सल्फाइड करतात (तो अंड्याचा वास त्याचाच), आणि हे सल्फाइड लोखंडाला असे बांधून टाकते की त्यातले फार थोडे वर परतते. काळा रंग या बंधनाचा. पहारेकरीच कैदेत पडल्यावर कोठार उघडे! वर्षानुवर्षे साठलेला स्फुरद मग हळूहळू पाण्यात येत राहतो, गटार आज बंद झाले तरी.

या निसटलेल्या स्फुरदावर शेवाळ पोसते. हिवाळ्यात येणारे गुलाबी रोहित पक्षी शेवाळावर जगतात. आपले मैलापाणीच त्यांना इथे बोलावते, असा अभ्यासकांचा कयास आहे. २०१५ साली खाडीचा काही भाग त्यांच्यासाठी अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर यादीत गेला. लोक दुर्बिणी घेऊन येतात. मीही गेलो होतो. पक्षी अतिशय सुंदर आहेत. पण शेवाळ मेले की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, मग चिखल आणखी काळवंडतो, आणि कोठाराचे दार आणखी उघडते.

मासा जाण्याची कारणे अनेक आहेत. भराव आहेत, कारखाने आहेत. सगळा दोष मी चिखलावर घालीत नाही. पण "दोन-तीन वर्षे" हा आकडा माझा होता.

होडी पुढे विकली गेली. नाखवा आता मुलाकडे, दोन खोल्यांत राहतो. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी चकल्या घेऊन गेलो. त्याने जर्मनच्या डब्यात चकल्या ओतल्या, डबा झाकला आणि सवयीने विचारले, "मास्तर, गटारं खरंच बंद झाली, तर खाडी किती वर्सांत व्हईल?"

यंदा मी आकडा सांगितला नाही. चिखलाची गोष्ट सांगितली, जवळजवळ तासभर. तो ऐकत होता, आणि मधूनमधून "व्हय, काळा तो त्याचमुळं" असे म्हणत होता. मग म्हणाला, "हे तवाच सांगाया पायजे होतं."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं," मी म्हणालो.

"मंग तसं सांगाया पायजे होतं," नाखवा म्हणाला, आणि डबा उघडून त्याने एक चकली मला दिली.